‘सर्वोत्तम’ म्हणे!

४ फेब्रुवारी, मंगळवार

सही करणार नाही. नाही म्हणजे नाही!

दादाने आज माझ्या संशोधन संस्थेत माणूस धाडला. "मॅडम, साहेब म्हणाले, फक्त शेवटच्या पानावर." शेवटच्या पानावर काय छापलंय — ‘ही इन्सेंटिव्ह योजना गणिताच्या दृष्टीने सर्वोत्तम आहे, असे मी तपासून प्रमाणित करते.’ खाली माझं नाव. पदवीसकट. मी काहीही तपासलेलं नाही, मला कुणी विचारलेलंही नाही. परस्पर सगळं ठरवून मोकळे, मी फक्त अंगठा उठवायचा!

बाबांची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. बाबा गेल्यापासून दादा चालवतो, आई अध्यक्ष, आणि मी नावाची संचालक. बैठकीला जाते, बिस्किटं खाते, परत येते. आता मात्र घरात कॉम्प्युटर सायन्सची डॉक्टर आहे याची सगळ्यांना अचानक आठवण झाली.

माणसाला कागदासकट परत पाठवला. बिचारा. त्याचा काही दोष नव्हता.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दादाचा फोन. "छोटे, किती भाव खाशील?"

मी चाळिशी ओलांडली तरी छोटीच.

योजना नीट सांग म्हटलं. सांगितली. एका कन्सल्टंटने आणलीय. (मी त्याला एकदाच पाहिलंय. भर उकाड्यात टाय. टायवालाच म्हणते मी त्याला.) प्रश्न मात्र खरा आहे, हे मान्य. मेकॅनिक शाफ्टमध्ये उतरतो. आत काय करतो ते कुणाला दिसत नाही. दोराला तेल दिलं, की नुसती बॅटरी फिरवून वर आला — देव जाणे. बाहेरून कळतं एवढंच, की महिनाभर लिफ्ट चालली का बंद पडली. मग चाललेल्या लिफ्टमागे कुणाला किती बक्षीस ठेवायचं, म्हणजे तो आपणहून नीट काम करेल? फार थोडं ठेवलं तर कुणी वाकणार नाही. फार ठेवलं तर कंपनीच्या हातात धुपाटणं. टायवाल्याचा प्रोग्रॅम म्हणे सगळ्या लिफ्ट, सगळे मेकॅनिक, सगळी कामं एकदम पोटात घेतो आणि जेवणाच्या सुट्टीत सर्वोत्तम करार काढून हातात ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत!

कुठला प्रश्न कॉम्प्युटर झटकन सोडवतो आणि कुठला जन्मात नाही — मी आयुष्यभर दुसरं काय केलंय? आणि हा मला पहिल्या वासातच दुसऱ्या जातीचा वाटला.

"दादा, हा प्रश्न कठीण आहे."

"म्हणजे तुला जमत नाही."

"मला नाही रे. कुणालाच."

"असं कसं? त्याला जमतंय की!"

फोन ठेवला. आपटला.

९ फेब्रुवारी, रविवार

आईकडे जेवायला. दादाही होता. मीठ वाढ, पाणी दे, याच्या पलीकडे आम्ही बोललो नाही. शेवटी आईच म्हणाली, "दोघांनी तोंडं पाडून बसायचं असेल तर पुढच्या वेळी डबे देते, आपापल्या घरी गिळा."

मग मी ताटातल्या बटाट्याच्या फोडींवर समजावलं. प्रत्येक काम मेकॅनिक करेल किंवा करणार नाही. एक काम — दोन शक्यता. आणखी एक काम — चार. आणखी एक — आठ. प्रत्येक नवीन काम शक्यता दुप्पट करतं. वर लिफ्टवर माणसं तीन-चार, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या कामात अडकलेलं. सगळ्या शक्यता तपासत बसलं तर सूर्य विझेल.

दादा : "मोठा कॉम्प्युटर घेऊ."

मी : "पृथ्वीएवढा घे."

आई फोडी मोजत नव्हती, खात होती. म्हणाली, "सगळ्या शक्यता तपासायच्याच कशाला? एखादी युक्ती असेल. त्या माणसाला सापडली असेल."

अगदी बरोबर बोलली! शक्यता पुष्कळ आहेत म्हणून प्रश्न कठीण ठरत नाही. शब्दकोशात शब्द पुष्कळ असतात, म्हणून काय आपण पहिल्या पानापासून वाचतो? झटपट युक्ती असूच शकत नाही, हे दाखवायला हवं.

"लहानपणी उंच स्टुलावर चढायचीस आणि उतरता येईना की स्टुलाला शिव्या द्यायचीस," आई म्हणाली. "होत नाही म्हणतेस ना? मग तसं दाखव. पंचवीस तारखेला बैठक आहे."

दाखवते!

१० फेब्रुवारी, सोमवार

लांब्या संस्थेच्या दारात उभा. मेकॅनिकांचा पुढारी, दारातून वाकूनच आत आला. मी खुर्ची दिली. बसला नाही.

"ताई, साहेब म्हणाले तुम्ही सही अडवलीय. आमच्या ताटात माती का कालवताय?"

मी म्हटलं, तुम्हाला काही मिळू नये असं मला अजिबात वाटत नाही. कागदावर जे लिहिलंय ते खोटं आहे, एवढंच.

"खोटं असेल तुमच्या गणितात. आमच्या घरात नाही."

गेला. खूप राग आला. त्याचा नाही. आपण बरोबर आहोत आणि तरी खलनायक आहोत, याचा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काही सुचत नाही. फळा पुसला, लिहिला, पुसला.

मध्येच बाबा आठवले. सुट्टीत दोघांना कामावर न्यायचे. दादाला शाफ्टमध्ये उतरवायचे. मी उतरते म्हटलं की — "तुला नाही जमायचं. तू वरून बॅटरी धर." उतरून तर बघू दिलं असतं! हात दुखेपर्यंत बॅटरी धरली आहे मी. त्या उजेडात दादा शिकला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

फळा पुसला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

एक जुना हट्टी प्रश्न आहे. भल्याभल्यांनी त्याच्यासमोर हात टेकलेत. झटपट रीत कुणालाही सापडलेली नाही, आणि सापडणार नाही अशी जवळजवळ सगळ्यांची खात्री आहे. मी त्या प्रश्नाला लिफ्टवाल्याचे कपडे चढवले. त्यातली प्रत्येक गाठ म्हणजे एक काम. ज्या गाठी एकत्र जुळतात ती कामं मिळूनच लिफ्ट चालवतात. आता त्या लिफ्टचा सर्वोत्तम करार कुणी झटकन काढून दाखवला, तर कपडे उतरवले की खाली त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर! म्हणजे टायवाल्याचा दावा खरा असेल तर त्याने नुसत्या लिफ्ट दुरुस्त केल्या नाहीत, जगभरच्या आमच्या धंद्याला कुलूप लावलं. आणि हे तो दादाला विकत बसलाय? जेवणाच्या सुट्टीत?

खिडकी उघडून मोठ्यांदा हसले. खालचा माळी वर बघायला लागला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

खोडरबरला दिलं. माझ्या शेजारच्या खोलीतल्या बाई, निवृत्तीला आलेल्या. कुणाचीही सिद्धता हातात पडली की चूक शोधून पुसून टाकतात, म्हणून हे नाव. त्यांना ठाऊक आहे, आणि आवडतंही.

सकाळभर वाचलं. पेन्सिल एकदाही टेकवली नाही. मग चष्मा काढून — "घट्ट आहे गं. पण बैठकीत हे कुणाला कळणार आहे?"

हे मात्र खरं. आई ऐकेल, दादा घड्याळ बघेल, टायवाला म्हणेल, ‘मॅडम, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं.’

२४ फेब्रुवारी, सोमवार

आंघोळ करताना डोक्यात आलं. सर्वोत्तम खोडायला आपल्याकडे सर्वोत्तम असावं लागत नाही. त्याच्याहून थोडं बरं एक पुरतं!

टायवाल्याच्या माहितीपत्रकात त्याचा प्रोग्रॅम कसा चालतो ते त्यानेच फुशारकीने छापलंय. एक काम वाढवून बघतो, फायदा दिसला तर ठेवतो, नाहीतर सोडतो. मग पुढचं काम. बस्स. मग मी अशी लिफ्ट रचते, की काही कामं सुटी सुटी केली तर फायदा शून्य, आणि सगळी मिळून केली तर भरपूर. तो एकेक चाचपत येईल, कशातच फायदा दिसणार नाही, आणि वाटेतच बसेल.

दिवसभर सापळा रचला. इतकी मजा खूप दिवसांत आली नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं आठवतंय तसं लिहिते.

टायवाल्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आई बिस्किट बुडवत बघत होती. माझी पाळी आली तेव्हा मी सिद्धतेचं नावच काढलं नाही. एक कागद पुढे केला. "ही एक लिफ्ट. ही कामं. प्रत्येकाला किती कष्ट, कशाने किती फरक पडतो, सगळं लिहिलंय. तुमचा प्रोग्रॅम लावा."

"आत्ता?"

"जेवणाची सुट्टी लागणार नाही. एकच लिफ्ट आहे."

त्याने आकडे भरले. चुटकीसरशी हिरवी पाटी — ‘सर्वोत्तम करार सापडला.’ लहानसं बक्षीस. तेवढ्यात मेकॅनिक दार आणि बटणं बघेल, दोर-पुलीकडे फिरकणार नाही. प्रोग्रॅमच्या मते कंपनीला याहून चांगलं काही शक्यच नाही.

मी माझा करार ठेवला. बक्षीस थोडं जास्त. तेवढ्यासाठी मेकॅनिक दोर, पुली, ब्रेक सगळं एकत्र करेल. बक्षीस देऊनही कंपनीला टायवाल्याच्या करारापेक्षा जास्त उरतं.

"दादा, तूच बेरीज कर."

दादा कॅल्क्युलेटर घेऊन बसला. एकदा केली. खोडून पुन्हा केली. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढेल. पण दादा हिशेबात लबाडी करत नाही, कधीच केली नाही. म्हणाला, "हिचा जास्त भरतोय."

टायवाला घसा खाकरून — "मॅडम, ही मुद्दाम बनवलेली केस आहे. खऱ्या लिफ्टमध्ये असं नसतं. प्रत्येक कामाचा स्वतःचा फायदा असतोच."

मी तोंड उघडणार तोच दादा बोलला. "असतं की! झिजलेल्या पुलीवर नवा दोर घाला — महिन्यात दोर खलास. जुन्या दोराला नवी पुली — तेच. दोन्ही एकदम बदलले तरच उपयोग. उतरलात कधी शाफ्टमध्ये?"

दादा! माझ्या बाजूने! त्याला स्वतःलाही कळलं नसेल.

आईने बिस्किट संपवलं, हात पुसले. "तो सर्वोत्तम शब्द काढून टाका, मग योजनेचं बघू."

टायवाला म्हणाला, शब्द काढला तर आमच्या योजनेची किंमतच राहत नाही.

"अस्सं," आई म्हणाली, "म्हणजे आम्ही शब्दच विकत घेत होतो."

योजना बारगळली. लिफ्टने खाली आले, आणि खालपर्यंत एकटीच हसत होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा फोन नाही. जिंकल्यासारखं फारसं वाटत नाहीये. लांब्याच्या माणसांना आता काहीच मिळणार नाही. खोटी योजना मोडली, खरी दिली कुठे?

३ मार्च, सोमवार

दादा स्वतः संस्थेत आला! माझ्या खोलीत पहिल्यांदाच. फळ्याकडे बघत उभा राहिला. शाळेत उशिरा आल्यासारखा.

"सर्वोत्तम सापडत नाही, मान्य. मग मी काय करू? लोक दारात उभे आहेत."

दोन दिवस मी त्यावरच घासत होते. दाखवलं. भानगड नको — लिफ्टवरच्या सगळ्यांना एकच सरळ वाटा. लिफ्ट महिनाभर चालली तर तिच्या कमाईतला ठरलेला हिस्सा, मेकॅनिकांत सारखा. शाळकरी पोरालाही पाठ होईल. आणि हमी अशी, की सर्वोत्तमाने कंपनीला जे दिलं असतं त्याच्या निदान निम्मं तरी हा देईलच. मेकॅनिकांच्या वाट्यालाही तेच.

दादा हसला. "जे सापडतच नाही त्याच्या निम्मं तू मोजलंस कशाने?"

चांगला प्रश्न विचारतो हा, विचारायला लागला की! म्हटलं, छताला हात पोचत नाही, पण सर्वोत्तम कितीही उंच असला तरी छताच्या वर जाणार नाही ना? छत किती उंच आहे ते मला मोजता येतं. माझा करार छताच्या निम्म्यापर्यंत पोचतो. झालं.

गृहीत एकच धरलंय — पुढचं प्रत्येक काम आधीच्यापेक्षा थोडी कमीच भर घालतं. एकदा तेल दिलं तर फायदा, दहाव्यांदा दिलं तर काय डोंबल! सगळेच धरतात असं.

"लिहून देशील?" दादाने विचारलं. "या वेळी शेवटचं पान तूच लिही."

लिहून दिलं. आनंदाने सही केली. स्वतःचं वाक्य, स्वतःचं नाव.

७ मार्च, शुक्रवार

गोदामात सगळ्या मेकॅनिकांपुढे बोलले. जुन्या मोटारी, तेलाचा वास, उलट्या खोक्यांवर बसलेली माणसं. सुरुवातीला माझा आवाजच फुटेना. मागून कुणीतरी — "ताई, मोठ्याने!" मग फुटला.

टायवाल्याचं का मोडलं तेही सांगितलं. त्या करारात तुम्ही दार-बटणं करत राहिला असतात आणि दोर तुटला असता तर बोल तुम्हालाच लागला असता. चुळबुळ थांबली.

लांब्याने हात वर केला. त्याचा हात छताला लागायचाच काय तो बाकी होता. "निम्मं म्हणजे निम्मं? की ते पण टायवाल्यासारखं?"

"निम्मं म्हणजे निम्मं. माझ्या नावावर."

"मग ठीक."

एवढंच. पण बसला. खोक्यावर, सगळ्यांच्या पुढे.

१२ मार्च, बुधवार

सगळ्यांनी सह्या केल्या. दादाने फोन करून एकेकाचं नाव वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, "बाबा असते तर—" असते तर म्हणाले असते, बॅटरी नीट धर!

संध्याकाळी मुद्दाम चालत घरी आले. छाती काढून. हो, छाती काढून! एकदा तरी.

१३ मार्च, गुरुवार

सकाळीच खोडरबर दारात. हातात माझी दोन्ही कामं — कठीणपणाची सिद्धता, आणि काल वाचायला दिलेली निम्म्याची हमी. हमीच्या पानावर पेन्सिल टेकवलेली.

"टायवाल्याला ज्या खड्ड्यात पाडलंस, तसे खड्डे खऱ्या लिफ्टमध्ये असतात का?"

दोर आणि पुली. सुटे शून्य, मिळून भरपूर. असतं की — दादाच म्हणाला होता, भर बैठकीत, आणि मी टाळ्या वाजवायची तेवढी राहिले होते. म्हणजे पुढचं काम कमीच भर घालतं हे माझं गृहीत लिफ्टला लागूच नाही. म्हणजे निम्मं नाही. तिसरा हिस्साही नाही. कसलीच हमी नाही.

बसले. पाणी प्याले. दादाला फोन लावला. "योजना थांबव. माझी हमी चुकली. मेकॅनिकांना आजच सांगायला हवं."

वाट बघत होते — आता म्हणेल, आता म्हणेल, तुला जमत नाही.

"गोदामात?" त्याने विचारलं. "सगळ्यांसमोर सांगणार?"

"सगळ्यांसमोर."

"थांब तिथेच. गाडी काढतो. एकटी नको जाऊस."